पुढच्या चाकाची खरखर

लांकडी चाकांच्या बैलगाडींतून ज्यांनीं प्रवास केला आहे त्यांस आठवत असेल कीं, चाक कुरकुरूं लागलें म्हणजे गाडीवान खालीं उतरे, आंसाच्या टोंकाची खीळ काढून चाक चार बोटें बाहेर ओढी, गाडीखालीं टांगलेल्या नळकांड्यांतील काळें वंगण आंसास फांसी आणि पुन्हां बैल हांकूं लागे. रोग एक, औषध एक. मोटारगाडीच्या पुढच्या चाकाची गोष्ट इतकी सोपी नाहीं. त्या एका चाकाच्या आड बेअरिंग आहे, ब्रेक आहे, चाक वळविणारे दांडे आहेत, धक्के सोसणारी स्प्रिंग आहे, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाची शक्ति चाकापर्यंत पोंचविणारा सांधाही तेथेंच आहे. यांपैकीं कोणताही भाग बिघडला तरी गाडींत बसलेला मनुष्य एवढेंच म्हणतो कीं, "पुढून खरखर येते." वैद्याकडे जाऊन नुसतें "पोटांत दुखतें" म्हणावें, तसेंच हें आहे.

असा विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कशाला, असें कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्यास माझें उत्तर असें कीं, आपल्या शाळेंतील बहुतेक मुलें रोज कोणत्या ना कोणत्या गाडींत बसून येतात. पुष्कळ पालक स्वतः गाडी चालवितात. आणि घर्षण व ध्वनि हे जे दोन धडे आम्ही वर्गांत फळ्यावर शिकवितों, ते या एका चाकांत हातानें शिवून व कानानें ऐकून शिकतां येतात. दुसरेंही एक कारण आहे. या बाबतींत मीं स्वतः एक चूक केली, आणि तिच्यामुळें अकरा मुलांस घेऊन एका घाटांत अडकून पडलों. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम चाकाच्या आंत काय असतें तें पाहूं. मध्यभागीं बेअरिंग असतें. एकींत एक बसविलेल्या दोन पोलादी कड्या. त्यांच्या मधल्या पोकळींत गोळे किंवा लहान रूळ. ते एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून त्यांस धरून ठेवणारा पिंजरा. आणि सर्वांभोंवतीं वंगण. एक कडी गाडीशीं स्थिर राहते, दुसरी चाकाबरोबर फिरते, आणि मधले गोळे लोळत राहिल्यामुळें पोलादावर पोलाद घासत नाहीं. होडी वाळूवरून ओढतांना कोळी तिच्याखालीं लांकडाचे ओंडके घालतात, त्यांतील तत्त्व हेंच. लिओनार्दो दा विंची यानें इ. स. १५०० च्या सुमारास आपल्या वह्यांत अशा गोळ्यांच्या योजनेचीं चित्रें काढून ठेविलीं होतीं. वेल्समधील कार्मार्थेन येथील फिलिप व्हॉन नांवाच्या लोखंडाच्या ओतकाम करणाऱ्या गृहस्थानें इ. स. १७९४ मध्यें घोडागाडीच्या आंसावर गोळे बसविण्याचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंत गाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन यानें इ. स. १८९८ मध्यें निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. वळणावर चाकास जो आडवा रेटा बसतो तो सोसण्याचें सामर्थ्य या निमुळत्या रुळांत आहे, म्हणून गाड्यांच्या चाकांत त्यांचा फार प्रसार झाला. या बेअरिंगांत पाणी किंवा धूळ शिरली, अथवा वंगण सुकलें, म्हणजे कड्यांच्या गुळगुळीत पृष्ठावर बारीक खळगे पडतात, आणि मग तें चाक बोलूं लागतें.

बेअरिंगच्या जोडीला असतो ब्रेक. हल्लींच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांत चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. चुलीवरचें पातेलें उतरवितांना आपण सांडशीनें त्याची कड जशी दोन्ही बाजूंनीं धरतों, तशी एक पोलादी सांडशी या डिस्कला दोन्ही बाजूंनीं धरते. सांडशीच्या दोन ओठांवर घर्षणाच्या मसाल्याचे दोन पॅड बसविलेले असतात. प्रत्येक पॅडच्या पाठीशीं लोखंडी पत्रा आणि पुढें मसाल्याचा थर. हा थर नवा असतांना साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, आणि झिजत झिजत ३ मिलिमीटरच्या आसपास आला म्हणजे पॅड बदलावा असा सर्वसाधारण नियम आहे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें इ. स. १९०२ मध्यें अशा ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते इतके किंचाळत कीं लोकांचे कान किटले. या कल्पनेचा खरा उदय व्हावयास पन्नास वर्षें लागलीं, इ. स. १९५३ मध्यें फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां सर्वांचें लक्ष त्यांकडे गेलें.

एक गोष्ट येथें नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तीवर अवलंबून आहे. पुष्कळ गाड्यांत या सांडशीच्या आंतल्या बाजूसच, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या बाजूस, दट्ट्या असतो. चालकानें पाय दाबला कीं दट्ट्या आंतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट रेट्यानें सबंध सांडशी दोन पोलादी खुंट्यांवरून सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून दुसऱ्या अंगास टेंकविते. खुंट्यांस गंज चढून सांडशी सरकेनाशी झाली, तर बाहेरचा पॅड जवळजवळ आळशी बसून राहतो आणि सारें काम आंतला करतो. मग दोघांची झीज सारखी कशी होणार?

आतां माझी हकीकत. आमच्या शाळेच्या बारा आसनांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकांतून ब्रेक हळूच दाबला असतां एक बारीक, चिरका आवाज येऊं लागला. पाय जोरानें दाबला कीं तो थांबे. "रस्त्याची धूळ बसली असेल," असें म्हणून मीं तो विषय सोडून दिला. वास्तविक तो आवाज मुद्दाम योजलेला असतो. पुष्कळ पॅडांस पोलादाची एक लहानशी जीभ लावलेली असते. मसाला झिजून पुरेसा पातळ झाला म्हणजे ती जीभ डिस्कला टेंकते आणि किंचाळून सांगते कीं, माझे दिवस भरत आले. तीन-चार आठवड्यांनीं किंचाळणें बंद झालें आणि त्याच्या जागीं जाड खरखर आली. चालकमामांनीं मला दोनदां सांगितलें. त्यांनीं आणखीही एक गोष्ट सांगितली होती: ब्रेकच्या तेलाच्या डबींतील पातळी खालीं गेली म्हणून त्यांनीं ती दोन वेळां भरून काढली. मी विज्ञान शिकवितों, तरी या दोन वाक्यांची सांगड मला घालतां आली नाहीं. पॅड झिजला म्हणजे दट्ट्या तितका पुढें सरकतो, त्याच्या मागची पोकळी भरावयास तेल लागतें, म्हणून डबींतील पातळी उतरते. तेल कोठें गळत नसतां पातळी उतरली, तर भरून काढण्यापूर्वीं पॅड पाहावे. हें मला आज ठाऊक आहे.

गाडी एका कारखान्यांत दाखविली. तेथील मनुष्यानें ती फाटकापर्यंत चालवून पाहिली, चाक उचलून हलविलें, किंचित् खेळ आहे म्हणाला, मधली टोपी काढून नट आवळला, नवें वंगण भरलें आणि बेअरिंगचें बिल दिलें. (हा नट वाटेल तसा आवळणें हाही एक अपराधच आहे, निमुळत्या रुळांच्या बेअरिंगास ठरलेला थोडासा मोकळेपणा लागतो, तो नाहींसा केला कीं तें तापून मरतें.) खरखर तशीच राहिली. तेव्हां मीं स्वतः खालीं बसून चाकाच्या फटींतून बॅटरी मारून पाहिलें. बाहेरचा पॅड दिसला; मसाला चांगला जाड होता. ब्रेक ठीक आहेत, असा निर्णय मीं दिला. फटींतून आंतला पॅड दिसत नाहीं.

याच स्थितींत डिसेंबरांत वसतिगृहाच्या मुलांस घेऊन आम्ही पांचगणीस गेलों. वाईहून पसरणीचा घाट चढतांना गाडी निमूट होती, आणि मी मनांत म्हटलें कीं, बेअरिंग अखेर बसलें. दुसऱ्या दिवशीं उतरतांना तिसऱ्या वळणावर तो आवाज आला: जात्यांत दाण्यांऐवजीं खडे पडावेत तसा, आणि पाय दाबला कीं प्रत्येक वेळीं. मामा म्हणाले, "सर, पेडल पायाखालीं थरथरतंय." मागें बसलेला नववींतला एक मुलगा, जो वर्गांत फारसा बोलत नाहीं, म्हणाला, "सर, काल चढतांना आवाज नव्हता. चढतांना ब्रेक लागत नाहीं."

त्या एका वाक्यांत सगळें निदान होतें. बेअरिंग बिघडलें असतें तर तें चढतांनाही बोललें असतें, कारण चाक चढतांनाही फिरतेंच. मीं मामांस गाडी रुंद जागीं डोंगराच्या अंगास घ्यावयास सांगितलें, मागच्या चाकांखालीं दगड लावले आणि सर्व मुलांस उतरविलें. वाईकडे जाणाऱ्या एस. टी. च्या गाडींतून मुलांस आमच्या दुसऱ्या शिक्षकांबरोबर पाठवून दिलें. चाकें निवाल्यावर रिकामी गाडी मामांनीं पहिल्या गिअरवर, पायीं चालणाऱ्याच्या वेगानें, खालीं आणली. मी त्यांच्या शेजारीं बसलों होतों. तो उतार मला फार लांब वाटला. आज विचाराल तर गाडी तेथेंच उभी ठेवून मिस्त्रीस वर बोलवावयास हवें होतें, असेंच मी सांगेन.

भय कशाचें होतें तें आकड्यांत पाहा. पांचगणीहून वाईपर्यंतचा उतार सुमारें ५५० मीटर उंचीचा आहे. आमच्या गाडीचें वजन माणसांसह अडीच हजार किलोग्रॅम धरूं. इतकें वजन इतक्या उंचीवरून खालीं येतांना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारें १ कोटी ३५ लाख ज्यूल, आणि तेवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें सुमारें ४५ लिटर पाणी उकळीस येईल. दहावींच्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा. उतारावर खालचा गिअर घातला तर या ऊर्जेचा मोठा भाग इंजिन खातें, कांहीं वाऱ्याच्या अडथळ्यांत जाते. न घातला तर ती बहुतेक सारी चार ब्रेकांच्या वांट्यास येते. ब्रेक फार तापले आणि ती उष्णता दट्ट्यामागच्या तेलापर्यंत पोंचून तें उकळलें, तर त्याचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. आणि पेडल कशासही न अडतां तळास जातें. आमच्या गाडींत तर मसाला संपून नुसता पत्रा डिस्कवर घासत होता, म्हणजे त्या चाकाची पकड आधींच कमी झालेली.

वाईस एका लहानशा दुकानांतील वृद्ध मिस्त्रींनीं चाक उतरविलें, सांडशी उघडली आणि दोन्ही पॅड माझ्या हातांवर ठेविले. बाहेरच्यावर जवळजवळ दोन पेरांइतका नव्हे, पण भरपूर मसाला होता. आंतला आरशासारखा चकाकणारा नुसता पत्रा. डिस्कच्या आंतल्या अंगावर नांगरटीसारखे चर. "मास्तर," ते म्हणाले, "आंत बघितल्याबिगर ब्रेक ठीक हाय म्हणूं नये." मग त्यांनीं पक्कडीनें सरकखुंटी फिरविली; ती जागची हलली नाहीं. त्यांनीं दोन्ही चाकांचे पॅड बदलले, कारण एकाच चाकाचे बदलले तर गाडी ब्रेक लावतां एका अंगास ओढते. डिस्क बदलली, कारण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षां ती पातळ झाली होती. आणि खुंट्या साफ करून त्यांस उष्णता सोसणारें वंगण लावलें.

या अनुभवानंतर मीं कांहीं मिस्त्रींजवळ बसून, विचारून, निदानाची जी रीति शिकलों ती येथें सांगतों. तिचें मर्म एवढेंच कीं, आवाज कोठून येतो हें विचारण्यापूर्वीं तो केव्हां येतो हें विचारावें. "कोठून" याचें उत्तर कान चुकीचें देतो. पोलादांतून ध्वनि दर सेकंदास सुमारें पांच हजार मीटर वेगानें धांवतो, हवेंतून अवघा ३४० मीटर; त्यामुळें डाव्या चाकांतील खरखर गाडीच्या सांगाड्यांतून क्षणांत सर्वत्र पसरते आणि बसलेल्यास ती उजवीकडून आल्यासारखी वाटते. "केव्हां" याचें उत्तर मात्र कोणाही लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास देतां येतें.

गाडी उभी असतां इंजिन चालू करून आवाज येतो काय? येत असेल तर चाकाचा दोष नव्हे. चालतांनाच येतो, आणि ब्रेक लावला कीं वाढतो किंवा बदलतो? मग ब्रेक पाहावा. ब्रेक लावो न लावो, वेगाबरोबर चढणारी आणि वेगाबरोबर उतरणारी एकसारखी घरघर असेल, तर बेअरिंगवर संशय घ्यावा. मात्र टायर वेडावांकडा झिजला असला तरी अशीच घरघर येते. तो ओळखण्याची युक्ति अशी कीं, टायरची घरघर डांबरी रस्त्यावर एक आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरी लागते, बेअरिंगला मात्र रस्ता कोणता याची पर्वा नसते. आणि मोकळ्या मैदानांत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गाडी फिरवितांना कट् कट् असा आवाज आला, तर पुढच्या चाकांस शक्ति देणाऱ्या गाड्यांत तो बाहेरच्या सांध्याचा समजावा. त्या सांध्यावर रबराची घडीदार पिशवी असते; ती फाटली कीं वंगण बाहेर उडतें आणि माती आंत जाते. चाकाच्या आंतल्या बाजूस वंगणाचे शिंतोडे दिसले तर सांधा बोलूं लागण्यापूर्वींच तो वांचवितां येतो, म्हणून गाडी धुणाऱ्यानें तिकडे एकदां डोकावावें.

बेअरिंग डावें कीं उजवें, हें वळणावर ठरतें. एस. टी. त उभे असतांना गाडी डावीकडे वळली कीं आपण उजवीकडे झुकतों. गाडीचा भारही तसाच उजव्या चाकांवर पडतो. म्हणून रुंद, मोकळ्या रस्त्यावर सौम्य डावें वळण घेतांना घरघर वाढली आणि उजव्या वळणावर कमी झाली, तर बहुधा उजवें बेअरिंग गेलेलें असतें. उलट असेल तर डावें. ही परीक्षा रहदारींत करूं नये, आणि हौसेखातर गाडी नागमोडी चालवून तर मुळींच करूं नये.

खरखर आणि घरघर यांतील भेदही गणितानें समजतो. टायरचा परीघ दोन मीटर धरला, तर ताशीं ४० किलोमीटर वेगानें चाक सेकंदास साडेपांच फेरे घेतें. डिस्कला एखादा पत्रा एकाच जागीं घासत असेल, तर "खर्र, खर्र, खर्र" असे सेकंदास पांच-साडेपांच सुटे आवाज येतात. गाडी हळू केली तर ते मोजतां येतात. बेअरिंगमध्यें दहा-बारा गोळे असले आणि स्थिर असलेल्या बाहेरच्या कडीवर एक खळगा पडला, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास चार-पांच गोळे त्या खळग्यावरून जातात. म्हणजे सेकंदास वीस-पंचवीस ठोके. इतके ठोके कान वेगळे ओळखूं शकत नाहीं. ते मिसळून एक जाडा स्वर होतो. आपल्या भाषेंत या दोन आवाजांना निरनिराळे शब्द आहेत हें मला फार महत्त्वाचें वाटतें. खरखर, घरघर, कुरकुर, करकर, कटकट हे शब्द आपण घरांत वाटेल तसे वापरतों, पण मिस्त्रीपुढें जो गृहस्थ योग्य शब्द उच्चारील त्याचें निम्मे काम तेथेंच झालें.

यानंतर हाताची परीक्षा. ती मुलांनीं एकट्यानें करूं नये. सपाट जागा, हातब्रेक ओढलेला, मागच्या चाकांस पुढून-मागून दगड किंवा लांकडी पाचर, आणि चाक उचलल्यावर जॅकशेजारीं लोखंडी घोडी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात-पाय घालणाऱ्यांची फळें मीं पाहिलीं आहेत; त्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. चाक अधांतरीं झालें कीं एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानें तें सावकाश फिरवावें. बेअरिंग खरबरीत असेल तर स्प्रिंगवरच्या तळहातास तो खरबरीतपणा मुंग्या आल्याप्रमाणें लागतो, कानास ऐकूं न आला तरी. मग चाक वर आणि खालीं, घड्याळांतील बारा व सहाच्या जागीं धरून हलवावें. खेळ लागला, तर दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरावा आणि पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला तर तो बेअरिंगचा. राहिला तर चाक पेलणाऱ्या गोळीच्या सांध्याचा. तीन व नऊच्या जागीं धरून हलविल्यास जो खेळ लागतो तो बहुधा स्टेअरिंगच्या दांड्यांचा असतो. ही ब्रेक दाबण्याची युक्ति मला फार आवडली; दोन अज्ञात राशींपैकीं एक स्थिर करून दुसरी शोधावी, हें आम्ही बीजगणितांत शिकवितोंच.

उष्णतेचीही साक्ष घ्यावी. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हाताची उलटी बाजू न्यावी, टेंकवूं नये. एक चाक इतरांपेक्षां फार धगधगत असेल तर त्यांत ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग तापतें आहे. आमच्या गाडीचें डावें चाक किती दिवस तापत होतें कोण जाणे. कोणीं हात नेलाच नव्हता.

सगळेच आवाज वाईट नसतात, हेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर हा लेख वाचून कांहीं पालक रोज मिस्त्रीच्या दारीं जातील. पावसाळ्यांत गाडी रात्रभर उभी राहिली कीं डिस्कवर गंजाचा पातळ पापुद्रा चढतो आणि सकाळीं पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. पापुद्रा घासून गेला कीं शांतता होते. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकीं भयंकर खरवड सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागचा धुळीचा पत्रा यांच्यामध्यें खडा अडकलेला असण्याचा संभव मोठा. गाडी हळूच थोडी मागें-पुढें केली तर तो पुष्कळदां गळून पडतो. पत्राच वांकून घासत असेल तर तो जागीं वांकविणें हें पांच मिनिटांचें काम. पण खडा गेला असें समजून स्वस्थ बसण्यापूर्वीं आवाज खरोखर थांबला कीं नाहीं तें पाहावें. आणि ब्रेक दाबतां जाड खरखर येत असेल, तर मात्र दुसरा कोणताही विचार न करितां गाडी थांबवावी. ती चाक काढून, दोन्ही पॅड, आंतला व बाहेरचा, डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पुन्हां रस्त्यावर नेऊं नये.

आमच्या गाडींत आतां एक वही टांगलेली आहे. मामा तींत आवाज, वार आणि तो केव्हां आला हें लिहितात. ब्रेकच्या तेलाची पातळीही दर सोमवारीं लिहितात. वाईच्या मिस्त्रींनीं ते दोन पॅड कागदांत गुंडाळून मजजवळ दिले होते. ते विज्ञानगृहाच्या कपाटांत ठेविले आहेत. व्हर्नियर शिकवितांना नववींच्या वर्गास ते मोजावयास देतों. बाहेरच्याचा मसाला ७ मिलिमीटर भरतो. आंतल्याची जाडी मोजतांना मुलें प्रथम बुचकळ्यांत पडतात, कारण त्यावर मोजण्यासारखें कांहीं उरलेलेंच नाहीं.